मन थाऱ्यावर आणणाऱ्या रेघोट्या : डूडलिंग सुरू करणाऱ्यांसाठी

आईची शस्त्रक्रिया साडेतीन तास चालली. मी बाहेर बाकावर बसले होते. मांडीवर तिच्या तपासण्यांचं जाड खाकी पाकीट, हातात फॉर्म भरायला घेतलेलं बॉलपेन. फोन बघवत नव्हता, कुणाशी बोलवत नव्हतं, सोबत नेलेल्या पुस्तकातली एकच ओळ पाच वेळा वाचून झाली होती. सुरुवात कधी झाली ते कळलं नाही, पण पाकिटाच्या मागच्या बाजूला मी छोटी छोटी वर्तुळं काढत होते, एकाला एक चिकटून. डॉक्टर बाहेर आले तेव्हा अर्धं पाकीट भरलं होतं.

रात्री घरी ते पाकीट पुन्हा हातात आलं. सुरुवातीची वर्तुळं इतकी दाबून काढलेली होती की पाकिटाच्या आत हात घातला तर त्यांचे उंचवटे बोटांना लागत होते. पुढची हलकी होत गेली होती. शेवटच्या दोन-तीन ओळींचा आतून मागमूसही नव्हता. माझा जीव शांत होत गेला होता आणि त्याची नोंद कागदाने ठेवली होती.

त्याला आता सहा वर्षं झाली. रोज नाही, पण आठवड्यातून चार-पाच दिवस मी कागदावर रेघोट्या मारते. चित्रकला मला येत नाही आणि या कामात तिची गरजही पडलेली नाही. सुरुवातीला मात्र मी बरीच भरकटले. सुंदर सुंदर नक्षीचे नमुने बघितले, तशी नक्षी जमेना म्हणून पेनांचा संच आणला, तरी जमेना म्हणून दोन महिने सगळं सोडून दिलं. तुमचे ते दोन महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

डूडल म्हणजे काय, चित्र म्हणजे काय

वहीच्या समासात नकळत उमटलेली नक्षी, फोनवर बोलताना कागदावर काढलेल्या चौकटी, सहीच्या खाली उगीच मारलेले वळसे, हे सगळं डूडल. आपल्याकडे याला गिरगटणं म्हणतात, आणि मुलांना त्यावरून ओरडाही मिळतो. चित्र काढताना आधी डोक्यात काहीतरी दिसत असतं आणि हात त्याच्या मागे जातो. डूडलमध्ये हात पुढे जातो, डोळे मागून येतात. हा फरक मनात पक्का करा. हाताला चाळा हवा, निकाल नको. निकाल बघायला लागलात की ते चित्र होतं आणि चित्राबरोबर ‘बरं जमलंय का?’ हा प्रश्न येतो. त्या प्रश्नाने सगळा आराम निघून जातो.

याचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण कशाचा काय उपयोग होतो ते नीट समजून घेतलेलं बरं.

इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांचा २००९ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी ४० जणांना अडीच मिनिटांचा, मुद्दाम कंटाळवाणा केलेला फोनवरचा निरोप ऐकवला. पार्टीला कोण कोण येणार आहे तेवढी नावं लिहून घ्यायची होती. अर्ध्या लोकांना ऐकता ऐकता कागदावर छापलेले आकार पेन्सिलीने भरायला सांगितलं होतं. नंतर, आधी कल्पना न देता, निरोपातली नावं आणि ठिकाणं विचारली. आकार भरणाऱ्यांना सरासरी साडेसात गोष्टी आठवल्या, नुसतं ऐकणाऱ्यांना ५.८. म्हणजे २९ टक्के जास्त. अँड्रेड यांनी सुचवलेलं कारण मला पटतं. कंटाळा आला की मन दिवास्वप्नांत शिरतं आणि दिवास्वप्न मनाची बरीच ताकद खातं. हाताला छोटं काम दिलं की मन तेवढं लांब जात नाही.

यातली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. त्या लोकांनी स्वतःच्या मनाने काही रेखाटलं नव्हतं, तयार आकार नुसते भरले होते. पुढच्या ज्या प्रयोगांत लोकांनी मनाला येईल ते रेखाटलं, त्यांतल्या प्रत्येकात असा फायदा दिसला असं नाही. म्हणून काही ऐकायचं असेल तेव्हा डूडल साधं आणि तेच तेच हवं. यावर पुढे बोलूच.

ताणाबद्दलचं काम अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. २०१६ साली त्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, मार्कर, कागदाची चिकटकामं यांतलं हवं ते करायला दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. हे ताणाशी जोडलेलं संप्रेरक. जवळजवळ तीन-चतुर्थांश लोकांमध्ये ते कमी झालेलं आढळलं, आणि आधी कलेचा अनुभव असण्या-नसण्याने फारसा फरक पडला नव्हता. पुढच्या वर्षीच्या अभ्यासात त्यांनी २६ जणांच्या कपाळामागच्या मेंदूच्या भागातला रक्तप्रवाह बघितला. रंग भरणं, वर्तुळाच्या आत-बाहेर डूडल करणं आणि मोकळं चित्र काढणं, तिन्ही वेळा तो विश्रांतीपेक्षा वाढलेला होता. आनंद आणि समाधानाशी संबंध असलेला हा भाग आहे. अभ्यास लहान आहेत, त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण चित्र येत नाही म्हणून मागे राहायचं कारण नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

काय काय लागेल

- सरसर चालणारं एक पेन. साधं बॉलपेन सगळ्यांत चांगलं, कारण त्यात हाताचा दाब उमटतो.
- पाठकोरे कागद. नवी सुंदर वही सुरुवातीला नको, ती बिघडेल या भीतीने हात आखडतो.
- खाली घ्यायला पुठ्ठा किंवा जाड वही.
- पाच मिनिटांचा गजर, हवा असेल तर.

खोडरबर, पट्टी आणि नमुन्यांची पुस्तकं यांची यादी मुद्दाम दिलेली नाही. ती नकोतच.

१. एक वर्तुळ काढा आणि पाच मिनिटं द्या

कोऱ्या कागदाची धास्ती सगळ्यांनाच वाटते. त्यावर उपाय म्हणजे कागद कोरा ठेवायचाच नाही. हाताने, वाकडं-तिकडं कसंही, तळहाताएवढं वर्तुळ काढा. आता त्याच्या आत काहीही भरा. हद्द ठरली की ‘कुठून सुरू करू’ हा प्रश्न उरत नाही.

कार्ल युंग हा स्विस मनोविकारतज्ज्ञ १९१८-१९ च्या सुमारास रोज सकाळी वहीत एक छोटं वर्तुळाकार रेखाटन करत असे, आणि आपली त्या दिवसाची मनःस्थिती त्यात दिसते असं त्याला वाटे. आपल्याला एवढं खोल जायची गरज नाही. पण रोज एकच चौकट ठेवली की आजचा दिवस कालच्यापेक्षा वेगळा आहे हे दिसायला लागतं, हे माझ्याही अनुभवाचं आहे.

वेळ पाच मिनिटंच. पहिल्या आठवड्यात वाढवू नका.

२. पाच खुणा हाताला बसवा

ठिपका, सरळ रेघ, लाट, वर्तुळ, कोन. यापलीकडे काही शिकायचं नाही. एकेका दिवशी एकेकच खूण घ्या आणि वर्तुळ तिनेच भरा. ठिपक्यांचा दिवस सगळ्यांत संथ जातो, कोनांचा सगळ्यांत चटकन. कुठल्या खुणेला हात आपणहून वळतो ते बघून ठेवा.

३. मनाची अवस्था बघून रेघ निवडा

सगळ्यांत जास्त वेळ मला हे शिकायला लागला आणि सगळ्यांत जास्त उपयोगही याचाच झाला. डूडल म्हटलं की लोक सरसकट ‘शांत वाटतं’ म्हणतात. पण घाबरलेल्या माणसाला जी रेघ लागते ती रागावलेल्याला चालत नाही.

धाकधूक असेल तेव्हा. निकालाची वाट बघताय, कुणाचा फोन येणार आहे, पोटात गोळा आलाय. अशा वेळी मन पुढच्या क्षणात पळत असतं. त्याला इथे बसवायला एकसारखी, मोजता येईल अशी खूण हवी. चिकटून काढलेली वर्तुळं, किंवा बारीक चौकटी एकाआड एक भरणं. श्वास सोडताना वर्तुळ पूर्ण करा. मुद्दाम श्वास लांबवू नका, हात सावकाश झाला की श्वास त्याच्या मागे येतोच. पहिली दहा-बारा वर्तुळं वेडीवाकडी येतील. काही हरकत नाही.

राग असेल तेव्हा. बारीक नक्षी काढायला जाऊ नका, राग वाढतो. मोठा कागद घ्या, जमल्यास उभं राहा आणि खांद्यापासून हात हलवत रेघा ओढा. कागद फाटला तर फाटू द्या. दोन-तीन मिनिटांत हाताचा जोर ओसरतो. तो ओसरला की त्याच रेघांच्या मधल्या जागा एकेक करून भरायला घ्या. हा दुसरा टप्पा सोडू नका. नुसत्या रेघा मारून उठलात तर राग तसाच अंगात राहतो, असं मी स्वतःवर पुष्कळदा बघितलं आहे.

उदास, गळून गेल्यासारखं वाटत असेल तेव्हा. इथे अपेक्षा अगदी छोटी ठेवायची. एक वेल. एक देठ, एक पान, पुढे देठ, पुढे पान. वेल कुठे संपायला हवी असं काही नसतं. तीन पानांवर हात थांबला तरी चालेल. उदासीत काहीच हातून होत नाही असं वाटत असतं, अशा वेळी समोर तीन पानं असणं ही छोटी गोष्ट नाही.

डोक्यात गर्दी असेल तेव्हा. दहा कामं, दहा काळज्या. पेन न उचलता कागदभर एक लांब गुंता काढा. मग त्यात तयार झालेले कप्पे बघा आणि एकेका कप्प्यात वेगळी खूण भरा. भरता भरता एखादं काम आठवलं तर त्या कप्प्यात एका शब्दात लिहून टाका आणि पुढे जा. गर्दी कागदावर उतरली की डोकं मोकळं होतं.

कंटाळा असेल तेव्हा. त्याची वेगळी पायरी आहे, पाचवी.

४. कागद उलटा करून बोट फिरवा

पाच मिनिटं झाली की डूडल कसं दिसतंय ते बघू नका. कागद उलटा करा, डोळे मिटा आणि मागून बोट फिरवा. जिथे पेन दाबलं गेलंय तिथे उंचवटे लागतील. सुरुवातीला जास्त, शेवटी कमी, असं असेल तर हात सैल पडला आहे. शेवटपर्यंत सारखेच खडबडीत लागले तर खूण बदला, किंवा पहिला आठवडा उलटला असेल तर अजून पाच मिनिटं द्या. मला इतक्या वर्षांत याहून चांगली मोजपट्टी सापडलेली नाही, कारण मन ‘मी ठीक आहे’ म्हणून फसवतं, बोटं फसवत नाहीत.

पंजा दुखत असेल तर पेन फार घट्ट धरलंय. जरा मागे, टोकापासून दूर धरा. आपोआप दाब कमी होतो.

५. ऐकताना डूडल करायचं तर

लांबलेली मीटिंग, व्याख्यान, फोनवरचा न संपणारा संवाद. इथे नियम एकच : डूडलकडे बघायला लागू नये. आधीच काढून ठेवलेल्या चौकटी भरणं, रेघा एकाखाली एक ओढणं, एवढंच. चेहरे, घरं, सजवलेली अक्षरं काढायला लागलात की लक्ष तिकडे जातं आणि अर्धं बोलणं निसटतं. समोर नकाशा, आलेख किंवा चित्र दाखवून कुणी समजावत असेल तर पेन खालीच ठेवा. त्या वेळी डोळे तिकडे हवेत.

समोरच्याला तुमची खाली गेलेली नजर खटकू शकते. विशेषतः कुणी आपलं दुःख सांगत असेल तर डूडल करू नये, हे माझं ठाम मत आहे. इतर वेळी आधीच सांगून टाका : ‘हात हलता असला की मला नीट ऐकू येतं.’ आजवर कुणी वाईट मानलेलं नाही. आणि ज्यावर सही व्हायची आहे, जे कुणाला परत द्यायचं आहे, त्या कागदाचा समास मात्र मोकळा सोडा.

कंटाळ्यातून कधी काय निघेल सांगता येत नाही. गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम १९६३ साली एका परिषदेत रटाळ निबंधवाचन ऐकत बसला होता. त्याने चौकटी आखल्या, मधून सुरू करून गोल गोल फिरत आकडे लिहिले आणि मूळ संख्यांभोवती खुणा केल्या. त्या संख्या तिरक्या रेघांवर गोळा होताना दिसल्या. गणितात ही रचना आज उलामची सर्पिल मांडणी म्हणून ओळखली जाते.

६. चुकलेली रेघ खोडू नका

नवीन माणूस इथेच अडतो. रेघ भलतीकडे गेली, वर्तुळ मिटलं नाही, शाई सांडली. हात थांबतो, जीभ चुकचुकते आणि कागदाचा बोळा होतो. तसं करू नका. चुकलेल्या रेघेला आणखी दोन तशाच रेघा जोडा. एकटी होती तेव्हा चूक वाटत होती, तिघी झाल्या की नक्षी होते.

रवींद्रनाथ टागोर कवितेच्या हस्तलिखितात खोडलेले शब्द एकमेकांना जोडून त्यांचे पक्षी, प्राणी, चेहरे करत. १९२४ साली ते अर्जेंटिनात मुक्कामाला होते तेव्हा व्हिक्टोरिया ओकाम्पो या लेखिकेच्या नजरेला ही खाडाखोड पडली. तिच्याच पुढाकाराने १९३० मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन झालं. सत्तरीच्या उंबरठ्यावरचा कवी चित्रकार झाला तो आपली खाडाखोड फेकून न दिल्यामुळे. आपल्याला चित्रकार व्हायचं नाही. पण चूक दिसली की हात मागे न घेता तिच्याशी खेळायचं, ही सवय कागदावर स्वस्तात लागते आणि मग इतर ठिकाणीही कामाला येते. पूर्वी एका पत्रातली एक चूक मला रात्रभर छळायची. आता छळत नाही असं नाही, पण रात्रभर नाही.

७. कुणासोबत करून बघा

डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकाने मुलांशी बोलतं होण्यासाठी एक खेळ वापरला होता. एकाने डोळे मिटून एक वेडीवाकडी रेघ ओढायची, दुसऱ्याने तिचं काहीतरी करायचं. मग पाळी बदलायची. बोलणं अवघड झालेल्या कुणाहीबरोबर हा खेळ चालतो, मग ते रुसलेलं मूल असो की आजारातून उठणारा माणूस. दोघांची नजर कागदावर असली की बोलायचा दबाव जातो. आई बरी होत असताना आम्ही दोघींनी असे कितीतरी कागद भरले. तिच्या रेघेचं मी बदक केलं, माझ्या रेघेची तिने चप्पल केली, आणि तिसऱ्या कागदावर तिने पहिल्यांदाच सांगितलं की त्या दिवशी तिला फार भीती वाटली होती.

खेळताना ‘हे काय काढलंस?’ विचारू नका. ‘आता माझी पाळी’ एवढंच म्हणा.

८. हे खड्डे चुकवा

फोटो काढून लगेच लोकांना दाखवणं. पहिले दोन-तीन महिने तरी नको. बघणारा आहे हे हाताला कळलं की हात सजवायला लागतो.

आकारांचे अर्थ लावणं. त्रिकोण काढणारा महत्त्वाकांक्षी, फुलं काढणारा हळवा, अशा याद्या जागोजाग मिळतात. अशा एकेकट्या आकारावरून स्वभाव ओळखता येतो याला भरवशाचा आधार नाही. कुणी तुमच्या डूडलवरून भविष्य सांगायला लागलं तर हसून कागद घडी करा.

तेच नाव, तोच शब्द पुन्हा पुन्हा गिरवणं. हा खड्डा फसवा आहे. ज्याच्यावर राग आहे त्याचं नाव ठळक करत बसलात तर हात हलतो खरा, पण मन त्याच जखमेवर फिरत राहतं. अक्षर दिसलं की लगेच त्याच्या आतल्या जागा खुणांनी भरून टाका, किंवा नवा कागद घ्या. डूडलमध्ये शक्यतो शब्द नकोतच.

काम टाळण्यासाठी डूडल करणं. गजर वाजला की उठायचं, हे त्यासाठीच.

आणि एक फार महत्त्वाचं. दोन-दोन आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर रेघोट्यांवर विसंबू नका. डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. डूडल सोबतीला राहील, उपचाराची जागा ते घेऊ शकत नाही. विचार फारच टोकाला गेले असतील तर थांबू नका, त्याच क्षणी जवळच्या माणसाला हाक मारा.

९. कागदांचं काय करायचं

रागाचे कागद मी फाडून टाकते. ते जपण्यात काही नाही. बाकीचे हवे तर ठेवा, एका साध्या लिफाफ्यात. ठेवणार असाल तर मागे तारीख आणि तेव्हा काय चाललं होतं ते दोन-तीन शब्दांत लिहा : ‘मुलाखतीआधी’, ‘झोप नाही’, ‘पाऊस, एकटी’. महिन्या-दोन महिन्यांनी चाळलेत तर कुठल्या दिवशी कुठली खूण कामाला आली ते दिसेल आणि तिसरी पायरी तुमची स्वतःची तयार होईल. माझ्या यादीतली एखादी खूण तुमच्यासाठी उलटी निघाली तर बेधडक बदला.

त्या खाकी पाकिटावर मी तारीख घातली नव्हती. परवा आईच्या कागदांत शोधून घातली.